वेष्टनाच्या दोन कसोट्या

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागून पेरुंगुडी नावाचे उपनगर आहे. एके काळी भातशेती आणि पाणथळ जमीन यांच्या सान्निध्यातील हे एक साधे गाव होते. आज त्या रस्त्यास राजीव गांधी सलाई असे नाव असून त्याच्या काठाने संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत. या परिसरातच एक औद्योगिक वसाहत आहे आणि त्या वसाहतीत भारतीय पॅकेजिंग संस्थेचे चेन्नई केंद्र आहे. मालाने भरलेली खोकी उंचावरून खाली टाकणे, पुठ्ठा फुटेपर्यंत त्यावर दाब देणे, प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यातून किती बाष्प आत शिरते हे मोजणे, अशा प्रकारची कामे तेथे चालतात.

याच पेरुंगुडीत, या केंद्रापासून थोड्याच अंतरावर, पल्लीकरणैच्या दलदलीच्या काठी चेन्नई महानगरपालिकेची कचराभूमी आहे. शहराच्या दक्षिण भागातील कचरा अनेक वर्षे येथे आणून टाकला गेला आणि त्याने दोनशेहून अधिक एकर जमीन व्यापली. त्या कचऱ्यात पिशव्या, पुड्या, बाटल्या, खोकी, म्हणजे टाकून दिलेली वेष्टने, फार मोठ्या प्रमाणावर आहेत. एका ठिकाणी वेष्टन वापरात येण्यापूर्वी त्याची परीक्षा होते. दुसऱ्या ठिकाणी वापर संपल्यावर ते येऊन पडते. संशोधन संस्थांनी भारताच्या आवेष्टन-उद्योगाला कोणता आधार दिला, आणि या दोन ठिकाणांमधील अंतर त्यांना कितपत भरून काढता आले, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे.

आवेष्टन म्हणजे ज्याला व्यवहारात आपण पॅकिंग म्हणतो ते. ही कला भारतास नवी नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण, धान्याचे पोते, तेलाचा बुधला, भाजीची करंडी, वाण्याच्या दुकानातील कागदाची पुडी ही सर्व वेष्टनेच होत. तामिळनाडूत ताडगूळ ताडाच्या पानांच्या पेट्यांत बांधून देत. कोकणातला हापूस आंबा गवताच्या गादीवर लाकडी पेटीत बसून मुंबईस येई. बाजारात बारदानाचे वजन वजा करून मालाची किंमत ठरते, एवढे वेष्टन व्यापाराच्या अंगवळणी पडलेले होते. मात्र या सर्व व्यवहारामागचे ज्ञान कारागिराच्या हातात आणि व्यापाऱ्याच्या अनुभवात होते. माल जवळच्या बाजारात जात होता तोवर ते पुरेसे होते. आगगाडी, जहाज आणि विमान यांनी माल दूर जाऊ लागला तेव्हा हे ज्ञान अपुरे पडू लागले.

भारतीय पॅकेजिंग संस्थेची स्थापना १९६६ साली झाली. ती वाणिज्य मंत्रालयाच्या आधिपत्याखाली एक स्वायत्त संस्था म्हणून निघाली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उद्योग किंवा विज्ञान खात्याऐवजी वाणिज्य खात्याने तिला जन्म द्यावा, याचे कारण निर्यात हे होते. परकीय चलनाची तीव्र टंचाई असलेला तो काळ होता. त्याच वर्षी जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले होते. माल चांगला असूनही तो फुटलेल्या, भिजलेल्या किंवा गंजलेल्या अवस्थेत परदेशी बंदरावर उतरला तर त्याला भाव येत नाही आणि पुढची मागणीही हातची जाते. म्हणून उत्पादनाइतकेच लक्ष वेष्टनाकडेही पुरवले पाहिजे हा विचार पुढे आला. संस्थेचे मुख्यालय मुंबईत अंधेरी येथे झाले. पुढे कोलकाता, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद अशी केंद्रे निघाली. जगाच्या मानाने हा आरंभ फार उशिरा झाला असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात आवेष्टनाचे स्वतंत्र शिक्षण १९५२ साली सुरू झाले. जागतिक आवेष्टन संघटना १९६८ साली तोक्यो येथे स्थापन झाली.

परदेशात एवढे ज्ञान उपलब्ध असता भारताने आपल्या प्रयोगशाळा का उभाराव्यात, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हवेत आहे, आणि हे शब्दशः खरे आहे. कागद व पुठ्ठा यांची परीक्षा घेताना खोलीतील तापमान व आर्द्रता निश्चित ठेवावी लागते. समशीतोष्ण देशांत यासाठी २३ अंश सेल्सियस तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता प्रमाण मानतात. उष्ण कटिबंधासाठी हे प्रमाण २७ अंश व ६५ टक्के असे धरले जाते. वेष्टनातून बाष्प किती झिरपते हे पाहावयाचे असल्यास त्याहून कठोर अशी ३८ अंश व ९० टक्के आर्द्रतेची स्थिती घेतात. हा फरक केवळ आकड्यांचा नव्हे. पुठ्ठा हवेतील ओलावा शोषून घेतो आणि मऊ पडतो. ९० टक्के आर्द्रतेत त्याच्या खोक्याची भार पेलण्याची शक्ती कोरड्या हवेतील शक्तीच्या निम्म्याच्या आसपास येते. जे खोके युरोपातील गोदामात आठ थरांचा भार सहज पेलते ते जुलै महिन्यात मुंबई बंदराच्या शेडमध्ये किंवा नोव्हेंबरच्या पावसात चेन्नईस खालच्या थरापासून दबू लागते. तेव्हा परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलून चालत नाही. ज्या हवेत माल राहावयाचा आहे त्या हवेतच त्याची परीक्षा व्हावी लागते.

या परीक्षा पाहणाऱ्यास वरवर ओबडधोबड वाटतात. भरलेले खोके ठरावीक उंचीवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर असे एकूण दहा वेळा टाकतात. हमाल खोके कसे टाकील हे अगोदर सांगता येत नाही. परंतु ते कोणकोणत्या प्रकारे पडू शकते याची यादी करता येते. थरथरणाऱ्या मेजावर खोके ठेवून मालमोटारीचा प्रवास काही तासांत घडवून आणतात. दोन लोखंडी पाट्यांमध्ये ते दाबून किती भाराला कोसळते हे पाहतात. पुठ्ठ्याचा तुकडा घट्ट धरून त्याखाली रबराचा पडदा फुगवतात आणि पुठ्ठा कोणत्या दाबाला फुटतो याची नोंद करतात. प्रत्येक परीक्षेमागे प्रवासातील एखादा खराखुरा आघात असतो. प्रयोगशाळेचे कौशल्य एवढेच की तो आघात मोजता येईल आणि पुन्हा तसाच घडवून आणता येईल अशा रूपात ती मांडते.

याचा लाभ सर्वांत अधिक कोणास होतो? पन्हळी पुठ्ठ्याची खोकी करणारा उद्योग भारतात मोठ्या अंशी लहान कारखान्यांच्या हाती राहिला आहे. एक दोन यंत्रे, मोजके कामगार, गिरणीतून आणलेला कागद आणि खळ, एवढे त्याचे भांडवल. अशा कारखानदारास स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. त्याचा गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा मोठी कंपनी किंवा परदेशी व्यापारी असतो. माल खराब झाला की दोष खोक्याचा, वाहतूकदाराचा की खुद्द मालाचा, असा वाद उत्पन्न होतो. अशा वेळी दोघांपैकी कोणाच्याही मालकीची नसलेली प्रयोगशाळा पंचाचे काम करते. तिचा अहवाल लहान कारखानदाराच्या हाती पडला की मोठ्या गिऱ्हाइकाशी तो बरोबरीने बोलू शकतो. सार्वजनिक संशोधन संस्थेचा उद्योगाला मिळणारा हा पहिला आधार होय.

दुसरा आधार मानकांचा. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली व पुढे १९८६च्या कायद्यान्वये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले. वाहतुकीच्या खोक्यांची परीक्षा कशी घ्यावी, पन्हळी पुठ्ठ्याची खोकी कशी असावीत, अन्नाशी संबंध येणाऱ्या प्लॅस्टिकमधून अन्नात किती द्रव्य उतरलेले चालेल, या सर्वांची मानके तिने तयार केली. यांपैकी शेवटचे मानक सामान्य माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. लोणच्याच्या बरणीतून किंवा तेलाच्या पिशवीतून एक किलोग्रॅम अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक द्रव्य उतरता कामा नये, असे त्यात सांगितले आहे. ही गोष्ट जिभेला कळत नाही. ती प्रयोगशाळेलाच कळते. मानक कागदावर उतरण्यापूर्वी कोणीतरी शेकडो नमुने तपासलेले असावे लागतात, आणि हे काम संशोधन संस्थांतील मंडळी करीत असतात.

तिसरा आधार प्रमाणपत्राचा. रसायने, रंग, कीटकनाशके यांसारखा धोकादायक माल समुद्रमार्गे न्यावयाचा तर त्याचे पिंप किंवा डबा संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींप्रमाणे तपासलेला असावा लागतो. अतिधोकादायक मालाचे वेष्टन १.८ मीटर, मध्यम धोक्याचे १.२ मीटर आणि कमी धोक्याचे ०.८ मीटर उंचीवरून पाडून पाहतात. तीन मीटर उंचीची चळत करावी तेवढा भार त्यावर २४ तास ठेवतात. या परीक्षांत उतरलेल्या वेष्टनावर देशाच्या व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नावाची खूण उमटते. भारतात ही खूण भारतीय पॅकेजिंग संस्थेच्या प्रमाणपत्रावरून मिळते. त्या खुणेवाचून रसायनांचे पिंप बंदरातून हलत नाही. म्हणजे एका परीक्षेच्या आधारावर एका संपूर्ण निर्यात-उद्योगाची वाट मोकळी होते.

अर्थात एकटी ही संस्था सर्व काही करू शकली नसती. चेन्नईतच, गिंडी येथे, १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने केंद्रीय प्लॅस्टिक अभियांत्रिकी संस्था उभी राहिली. सीपेट या लघुनामाने ती ओळखली जाते. प्लॅस्टिकचे साचे करणारे आणि यंत्रे चालविणारे कुशल मनुष्यबळ तिने देशाला दिले. म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली. कोणता पदार्थ किती ओलावा शोषल्यावर बिघडतो हे प्रथम ठरवावयाचे आणि मग तेवढे दिवस तेवढा ओलावा अडवून धरील असे वेष्टन निवडावयाचे, हा अन्नवेष्टनाचा शास्त्रीय क्रम होय. दिवाळीची चकली डब्यात चार दिवसांनी मऊ पडते, हा प्रत्येक घरचा अनुभव. त्या अनुभवाचे गणित या शास्त्राने मांडले. म्हैसूरमध्येच १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी शिजवलेले अन्न लवचीक पिशवीत निर्जंतुक करून टिकविण्याचे तंत्र विकसित केले, आणि पुढे तेच तंत्र नागरी बाजारातही आले. कोलकात्यास ताग-उद्योगाची संशोधन संस्था १९३७ पासून होतीच.

महाराष्ट्राच्या अनुभवातून याचे एक उदाहरण घेता येईल. १९९१ साली द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स ही संघटना स्थापन केली आणि नाशिक, सांगलीकडची द्राक्षे युरोपकडे निघाली. द्राक्ष हे नाजूक फळ. तोडल्यानंतर काही तासांतच त्याचे तापमान उतरवावे लागते. नंतर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपासच्या थंडीत ते राहते. अशा थंड व ओलसर हवेत बुरशी वाढू नये म्हणून खोक्यात गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद घालतात. खोक्याला भोके हवीत, म्हणजे थंड हवा आत खेळेल. पण प्रत्येक भोकाने खोक्याची ताकद कमी होते. शिवाय पुठ्ठा ओलसर हवेत आठवडेच्या आठवडे उभा राहिला पाहिजे. बागाईतदाराचे वर्षभराचे कष्ट अखेर या पुठ्ठ्याच्या भिंतीवर विसंबून असतात. आकार, भोके, कागदाचे थर आणि भार यांचा मेळ अंदाजाने बसत नाही. तो परीक्षेनेच बसवावा लागतो. लाकडी खोक्यांच्या जागी पुठ्ठा आल्याने झाडांची तोडही कमी झाली, हा त्याचा आणखी एक लाभ.

येथवर पाहिलेल्या सर्व परीक्षांचा प्रश्न एकच आहे: माल सुखरूप पोहोचेल काय? ही पहिली कसोटी. या कसोटीस भारतीय आवेष्टन-उद्योग उतरला आणि त्याचे मोठे श्रेय संशोधन संस्थांकडे जाते, हे निःसंशय. परंतु माल पोहोचल्यानंतर वेष्टनाचे काय होते? ही दुसरी कसोटी होय, आणि तिचा विचार बऱ्याच उशिरा सुरू झाला.

जुन्या वेष्टनांना ही कसोटी लावण्याची गरज नव्हती. पत्रावळ कुजून जाई. पोते धान्यानंतर पायपुसणे होई. मुंबईत आरे दुग्धशाळेची काचेची बाटली रोज सकाळी परत जाई आणि धुऊन पुन्हा भरली जाई. प्लॅस्टिकची पिशवी आली, ती हलकी, स्वस्त आणि न फुटणारी होती. दूध वाहून नेण्याचा खर्च तिने कमी केला. मात्र ती पुन्हा भरण्यासाठी परत गेली नाही. त्यानंतर आली ती पुडी. १९८३ साली तामिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी चिक शॅम्पूचा व्यवसाय लहान पुड्यांच्या आधारे सुरू केला आणि अशा पुड्यांनी पुढे सर्व देशाची बाजारपेठ व्यापली. जिला बाटली परवडत नव्हती तिला एका वेळेपुरता शॅम्पू घेता आला. हा लाभ खरा आहे आणि तो गरिबाचा आहे. त्याची थट्टा करणे योग्य होणार नाही.

परंतु या प्रकारच्या पुडीची रचना पाहावी. चकचकीत छपाईसाठी पॉलिएस्टर, प्रकाश व प्राणवायू अडविण्यासाठी ॲल्युमिनियम, कडा चिकटविण्यासाठी पॉलिथिलीन, असे थर एकमेकांस घट्ट जोडलेले असतात. प्रत्येक थर काही मायक्रॉन जाडीचा. पहिल्या कसोटीच्या दृष्टीने हे वेष्टन उत्कृष्ट आहे. दुसऱ्या कसोटीत मात्र ते नापास होते, कारण हे थर वेगळे करणे अवघड आणि खर्चाचे असते. कचरा वेचणारी स्त्री बाटली उचलते, पुठ्ठा उचलते; पुडी उचलत नाही. तिचे वजन नगण्य आणि भाव शून्य. ज्या जोडणीमुळे वेष्टन उत्तम ठरले तीच जोडणी त्याच्या विघटनाच्या आड येते.

म्हणून या पुड्या पेरुंगुडीस पोहोचल्या. पल्लीकरणैची दलदल ही पावसाळ्यात शहराचे पाणी सामावून घेणारी आणि दूरदूरच्या पक्ष्यांना आश्रय देणारी जागा. २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात तिच्या काठच्या कचराभूमीस आग लागली आणि धूर कित्येक दिवस वस्त्यांवर पसरला. जुना कचरा उकरून, चाळून माती, दगड आणि जळाऊ भाग वेगळे करण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले. अशा चाळणीतून निघणारे मळके, मिसळलेले प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्ट्यांत जाळण्यास पाठवावे लागते. त्याचा दुसरा उपयोग होत नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला, परंतु कायदा आणि प्रयोगशाळा यांची पावले एकत्र पडली नाहीत. २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले. दोन वर्षांनी, २०१८ साली, त्या नियमाचे शब्द बदलले. ज्यातून ऊर्जाही मिळविता येत नाही किंवा ज्याचा दुसरा कोणताच उपयोग नाही अशाच वेष्टनांपुरता तो मर्यादित झाला. जवळजवळ प्रत्येक पुडी जाळता येत असल्याने त्या बंदीत फारसा अर्थ उरला नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. २०१९च्या पहिल्या दिवसापासून तामिळनाडूची बंदी अमलात आली; २०२१ साली त्या राज्याने पिवळ्या कापडी पिशवीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम सुरू केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली आणि वेष्टन वापरणाऱ्या उत्पादकावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. हे सर्व आवश्यकच होते. पण बंदी म्हणजे पर्याय नव्हे. पुडीतील पदार्थ तितकाच टिकेल, तितक्याच किमतीस मिळेल आणि वेष्टन मात्र एकाच द्रव्याचे असेल, असा पर्याय कायद्याच्या कलमातून निघत नाही; तो प्रयोगशाळेतूनच यावा लागतो. २०१६ साली तसा पर्याय हाताशी असता तर २०१८ साली माघार घ्यावी लागली नसती.

असे का झाले याचे कारण संस्थांच्या घडणीत शोधले पाहिजे. खोके बळकट आहे की नाही, हे जाणून घेण्यासाठी कारखानदार शुल्क भरतो, कारण उत्तरावर त्याचा नफा अवलंबून असतो. पिंपावर खूण मिळविण्यासाठी निर्यातदार शुल्क भरतो. टाकून दिलेल्या पुडीचे वीस वर्षांनी काय होईल, हे जाणून घेण्यासाठी कोण शुल्क भरणार? कचराभूमीजवळ राहणारा माणूस कोणत्याही प्रयोगशाळेचा ग्राहक नसतो. जी संस्था आपला खर्च परीक्षेच्या शुल्कावर भागवू लागते तिच्यापुढे ज्यांना उत्तर हवे आहे त्यांचेच प्रश्न येतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. तो व्यवहाराचा स्वाभाविक ओघ आहे. परंतु सार्वजनिक पैशाने संस्था काढावयाची ती अशाच प्रश्नांसाठी, ज्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही.

आरंभ झालेला आहे, हेही सांगितले पाहिजे. खतरूप होणाऱ्या प्लॅस्टिकच्या दाव्यांची परीक्षा आता सीपेटसारख्या संस्था करतात. ५८ अंश सेल्सियसच्या खतकुंडात १८० दिवसांत त्यातील ९० टक्के कार्बनाचे विघटन झाले पाहिजे, असा निकष आहे. या परीक्षेचे मोल मोठे आहे, कारण 'निसर्गस्नेही' असे छापणे सोपे आणि सिद्ध करणे कठीण असते. त्याचबरोबर हेही स्पष्ट होते की घरामागच्या उकिरड्यात किंवा दलदलीच्या पाण्यात ५८ अंशांचे तापमान नसते. परीक्षेत उतरलेली पिशवी तेथे पडली तर तिने वचन पाळावे अशी अपेक्षा करता येत नाही. जो नियम पुठ्ठ्याला लागू होता तोच येथेही लागू आहे: वस्तू ज्या हवेत राहावयाची त्या हवेतच तिची परीक्षा झाली पाहिजे. वेष्टनाचा मुक्काम गोदामात काही आठवड्यांचा असतो; कचराभूमीत तो कित्येक वर्षांचा असतो.

तेव्हा मागणी साधी आहे. खोक्याची, पिशवीची किंवा पुडीची परीक्षा झाली म्हणजे अहवालात आज तिची ताकद, तिची बाष्परोधकता आणि तिची सुरक्षितता नोंदली जाते. त्याखाली आणखी एक रकाना असावा: वापरानंतर हे वेष्टन कोण उचलील, कशात रूपांतरित होईल आणि न उचलले गेल्यास किती काळ राहील. हा रकाना भरण्यास लागणारे संशोधन सार्वजनिक निधीतून व्हावे आणि त्याचे निष्कर्ष लहान कारखानदारालाही विनामूल्य मिळावेत. नाहीतर नवी द्रव्ये फक्त मोठ्या कंपन्यांच्या हाती जातील आणि लहान कारखानदार दंड भरत राहील. आवेष्टनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना कारखाना दाखविला जातो, बंदर दाखविले जाते. त्यांनी कचराभूमीवरही काही दिवस काढावेत. पेरुंगुडीच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.